पीएचडीचे पैसे कोण देणार? कोल्हापुरातून मेकॅनिकल डिझाइनच्या पगारी संशोधनाकडे

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत दोन वर्षं काढलेला माझा एक जुना विद्यार्थी दोन महिन्यांपूर्वी घरी आला. गेटला (एमटेक-पीएचडीच्या प्रवेशासाठीची परीक्षा) बसलाय, स्कोअर बरा आहे, आणि डोक्यात पीएचडी आहे. चहा येईपर्यंत गप्प बसला आणि मग हळूच म्हणाला, "सर, पीएचडीला फी किती पडते ओ? बाबा म्हणतात, म्हैस विकायला लागंल का बघ."

म्हटलं, फी नंतर विचार. आधी पगार किती मिळतो ते विचार.

त्याची चूक नव्हती. आपल्याकडे पीएचडीचं चित्रच वेगळं आहे. चाळिशीतले प्राध्यापक दिवसा तास घेतात, रात्री थिसिस लिहितात, फी स्वतःच्या पगारातून भरतात आणि बढतीच्या फाइलला प्रमाणपत्र जोडतात. त्या वाटेनं कष्टानं चांगलं काम केलेली माणसं मला माहीत आहेत. पण तेवीस-चोविशीतल्या मुलानं पूर्ण वेळ संशोधन करायचं ठरवलं, तर त्याला दरमहा पैसे मिळायला हवेत. मेकॅनिकलमध्ये पूर्णवेळ पीएचडी बिनपगारी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मी स्वतः सुरुवातीचं एक वर्ष तसं घालवलंय, म्हणून सांगतो. गाइड म्हणाले होते, "या, बसा, फंडिंगचं बघू." ते बघणं वर्षभर चाललं आणि मी शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरत राहिलो.

आधी आकडे

केंद्र सरकारनं संशोधन फेलोशिपचे दर १ जानेवारी २०२३ पासून वाढवले. पहिली दोन वर्षं ज्युनियर रिसर्च फेलो (जेआरएफ) म्हणून महिन्याला ३७,००० रुपये आणि प्रगतीचा आढावा समाधानकारक झाला की पुढे सीनियर म्हणून ४२,०००. पाच वर्षांची बेरीज करा, बरोबर २४ लाख होतात. हॉस्टेल मिळालं नाही तर बऱ्याच ठिकाणी वर घरभाडं भत्ता मिळतो. तो शहराच्या वर्गावर ठरतो आणि कोल्हापूर वाय वर्गात आहे. म्हणजे गावात राहून फेलोशिप घेणाऱ्यालाही तो लागू होऊ शकतो. योजनेच्या पत्रात ती ओळ शोधायची.

कंपनीतल्या पगाराशी तुलना केली तर हे पैसे फार नाहीत, पण पोटाला पुरतात. कर्ज काढावं लागत नाही आणि म्हैस गोठ्यातच राहते.

हे पैसे कुणाच्या खिशातून येतात

हा प्रश्न मी पहिला ठेवतो, कारण प्रत्येक खिशाचा मालक वेगळा आणि त्याची मागणीही वेगळी.

पहिला खिसा संस्थेचा. आयआयटी, एनआयटी आणि बेंगळुरूची आयआयएससी इथे शिक्षण मंत्रालयाच्या निधीतून असिस्टंटशिप मिळते. बदल्यात आठवड्यातले काही तास बीटेकच्या मुलांची प्रॅक्टिकल घेणं, पेपर तपासणं ही कामं करावी लागतात. विषय निवडायची मोकळीक इथे सर्वांत जास्त. जाहिरातीत 'टीए' (टीचिंग असिस्टंट) असं लिहिलं असेल तर तो हाच मार्ग.

दुसरा खिसा प्रकल्पाचा. एखाद्या प्राध्यापकाला डीआरडीओ, इस्रो, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन किंवा एखाद्या कंपनीकडून प्रकल्प मिळतो आणि त्यात जेआरएफची जागा असते. बीटेक आणि गेट पात्र, किंवा एमटेक, असा उमेदवार चालतो. जाहिरात वर्षभरात कधीही निघते आणि अर्जाला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. काम प्रकल्पाला बांधलेलं असतं. प्रकल्प तीन वर्षांचा आणि पीएचडी साडेचार-पाच वर्षांची, हा यातला खड्डा. तेव्हा रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारायच्या : या जागेवर राहून पीएचडीची नोंदणी होते का, आणि प्रकल्प संपल्यावर पुढची दोन वर्षं कोण पोसणार? हे विचारायला लाजू नका. चांगला गाइड याचं उत्तर तयार ठेवतो, आणि ज्याला या प्रश्नाचा राग येतो त्याच्याकडे जाऊच नये.

तिसरा खिसा पंतप्रधान रिसर्च फेलोशिपचा. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली. पहिली दोन वर्षं महिन्याला ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, पुढची दोन वर्षं ८०,००० आणि वर दरवर्षी दोन लाखांचं संशोधन अनुदान, असे तिचे सुरुवातीचे दर. २०२५ च्या अर्थसंकल्पात आयआयटी आणि आयआयएससीसाठी पाच वर्षांत १०,००० फेलोशिप देण्याची घोषणा झाली. पात्रतेचे नियम दर फेरीत बदलतात, म्हणून चालू वर्षाची सूचनाच वाचायची. सीनियर मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

चौथा एआयसीटीईच्या डॉक्टोरल फेलोशिपचा. ती ठरावीक विद्यापीठांच्या आणि संस्थांच्या संशोधन केंद्रांतून मिळते. वयाची आणि गुणांची अट असते, ती आधी बघावी.

पाचवा खिसा राज्याच्या संस्थांचा : सारथी, बार्टी, महाज्योती आणि आदिवासी उमेदवारांसाठी टीआरटीआय. त्यावर पुढे सविस्तर लिहितो, कारण कोल्हापुरात राहून संशोधन करणाऱ्याला हाच खिसा सर्वांत जवळचा.

आता एक गैरसमज. "सर, जेआरएफ म्हणजे नेट द्यावी लागणार ना?" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. सीएसआयआर-नेटचे विषय पाचच : रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान. यूजीसी-नेटच्या यादीतही मेकॅनिकल नाही. आपला दरवाजा गेटचा. बीएस्सीवाल्या मित्राच्या नोट्सवर सहा महिने घालवलेला एक मुलगा मी पाहिलाय.

'डिझाइन' हा शब्द फसवा आहे

मुंबई आयआयटीत मेकॅनिकल विभागात 'डिझाइन' ही एक शाखा आहे आणि त्याच आवारात आयडीसी नावाचं वेगळं डिझाइन स्कूलही आहे. पहिल्या ठिकाणी ताण, कंपन, फटीग (वारंवार ताण पडून धातू थकणं), यंत्रणा यांचं काम चालतं. दुसऱ्या ठिकाणी वस्तूचं रूप, वापरणारा माणूस, संवाद यांचं. आयआयएससीत प्रॉडक्ट डिझाइन अँड मॅन्युफॅक्चरिंगचं केंद्र उभं राहिलं, तिथे माणूस डिझाइन करताना विचार कसा करतो यावरही पीएचडी होते. मद्रास आयआयटीत इंजिनिअरिंग डिझाइन हा स्वतंत्र विभागच आहे. नाव बघून अर्ज करू नका. त्या विभागातल्या प्राध्यापकांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर उघडा आणि आपल्याला त्यातलं काय करावंसं वाटतं ते बघा.

ढोबळमानाने आज काम चाललंय ते टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशन (भागात मटेरिअल कुठे ठेवायचं, कुठे काढायचं ते गणितानं ठरवणं), थ्रीडी प्रिंटिंगसाठीचं डिझाइन, कंप्लायंट मेकॅनिझम (स्वतः वाकून हालचाल देणाऱ्या यंत्रणा), फटीग आणि फ्रॅक्चर, गिअर आणि बेअरिंगचा आवाज-कंपन, रोबोटच्या यंत्रणा, वैद्यकीय उपकरणं आणि डिझाइनची पद्धती या भागांत. यातला एक निवडा. "मला डिझाइनमध्ये इंटरेस्ट आहे" या वाक्याला मुलाखतीत काही किंमत नाही.

प्रश्न शिरोलीत सापडतो

इथे थोडा थांबतो, कारण कोल्हापूरच्या मुलांचं खरं भांडवल इथे आहे आणि तेच ती अर्जात लिहीत नाहीत.

त्या मुलाला विचारलं, तुझ्या फाउंड्रीत गेल्या वर्षभरात सगळ्यांत जास्त डोकं कशानं खाल्लं? म्हणाला, ट्रॅक्टरचा एक ब्रॅकेट. एसजी आयर्नचा (ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं ओतीव लोखंड), ४५०/१० ग्रेडचा. गिऱ्हाइकाकडे बसवल्यावर काही महिन्यांनी फिलेटपाशी (आतल्या कोपऱ्याची गोलाई) चीर जाते आणि माल परत येतो. डिझाइनवाले म्हणतात कास्टिंग खराब, फाउंड्रीवाले म्हणतात ड्रॉइंग खराब. शेवटी साहेबांनी फिलेटची त्रिज्या वाढवली, रायझर (गोठताना साच्याला वितळलेला धातू पुरवणारा भाग) जरा सरकवला, तक्रारी कमी झाल्या आणि विषय मिटला.

विषय फाउंड्रीपुरता मिटला होता. पीएचडीचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

डिझायनर कॉम्प्युटरवर भाग तपासतो तेव्हा सगळीकडे एकच मटेरिअल धरतो. एक इलास्टिक मॉड्युलस, एक फटीग स्ट्रेंग्थ. पण साच्यात धातू सगळीकडे सारख्या वेगानं थंड होत नाही. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग नंतर. जाड भागात ग्राफाइटचे गोळे संख्येनं कमी आणि आकारानं मोठे होतात, आणि रायझरनं नीट पुरवठा केला नाही तर बारीक श्रिंकेज (धातू आकसून उरलेली पोकळी) राहतं. म्हणजे एकाच ब्रॅकेटमध्ये दोन ठिकाणची ताकद वेगळी. ताणही नेमका त्याच जाड-पातळ सांध्यापाशी जास्त असला तर चीर तिथून जाणार.

आता प्रश्न असा मांडता येतो : सॉलिडिफिकेशन सिम्युलेशनमधून प्रत्येक जागचं संभाव्य श्रिंकेज कळत असेल, तर त्या माहितीवरून त्या जागचा परवानगीचा ताण कमी-जास्त करून भागाचा आकारच वेगळा काढता येईल का? तो आकार नेहमीच्या पद्धतीनं काढलेल्या आकारापेक्षा ताणाच्या जास्त सायकल (आवर्तनं) टिकेल का?

यात प्रयोग आहे : १०, २५ आणि ५० मिलिमीटर जाडीच्या टेस्ट बार ओतायच्या, सीटी स्कॅननं आतली पोकळी मोजायची, फटीग टेस्ट करायची. मॉडेल आहे. शेवटी खरा ब्रॅकेट ओतून पडताळा आहे. आणि मुख्य म्हणजे, उत्तर फक्त या एका ब्रॅकेटचं नाही, इतरांनाही वापरता येईल असं आहे. दुरुस्ती आणि संशोधन यांतला फरक मी असाच ओळखतो. त्रिज्या दोन मिलिमीटर वाढवली ही दुरुस्ती. त्रिज्या किती वाढवावी हे कुठल्याही कास्टिंगसाठी आधीच सांगता आलं तर ते संशोधन.

तो मुलगा बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, "सर, हे तर आम्ही रोज बघतो." तेच तर.

उद्यमनगरात, गोकुळ शिरगावात, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत असे प्रश्न पडलेत. इचलकरंजीच्या लूमवर धोट्याचा धक्का आणि त्याचा आवाज आहे. उसाच्या छोट्या, तुकड्यातुकड्यांच्या रानात मोठं हार्वेस्टर वळत नाही, ही सरळसरळ यंत्रणेच्या डिझाइनची अडचण आहे. गुऱ्हाळावर चुलवाणापुढे बसून दिवसभर भट्टी सांभाळणारा माणूस आहे. पवईत किंवा बेंगळुरूत बसलेल्याला हे दिसत नाही.

पुढची पायरी वाचनाची. आपला प्रश्न दोन ओळींत लिहायचा आणि त्यावर आधी कोणी काय केलंय ते शोधायचं. निदान पंचवीस पेपर वाचा, गेल्या सात-आठ वर्षांतले. प्रत्येकाच्या चार ओळी वहीत : काय विचारलं, कसं केलं, काय निघालं, काय राहिलं. चौथी ओळ भरता येत नसेल तर पेपर परत वाचा. या वाचनात तुमचा प्रश्न आधीच कोणी सोडवलेला निघाला तर खचू नका. प्रश्न थोडा सरकवायचा, आणि ज्यानं सोडवला त्याचा पत्ता लिहून ठेवायचा. तो तुमचा संभाव्य गाइड.

सॉफ्टवेअरबद्दल एक वाक्य. अमुक पॅकेज येतं ही पात्रता झाली, विषय झाला नाही. 'फायनाइट एलिमेंट अॅनालिसिस ऑफ कनेक्टिंग रॉड' या शीर्षकाचे प्रबंध आपल्या कॉलेजांच्या कपाटांत पुरेसे आहेत.

गेट आणि वर्षाचं वेळापत्रक

गेटची नोंदणी साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. बीटेकच्या तिसऱ्या वर्षालाच बसता येतं, आणि बसावं. पहिला प्रयत्न वाया गेला तरी हातात अजून एक संधी राहते.

पीएचडीला एमटेकसारखं एकत्रित प्रवेशाचं पोर्टल नाही. प्रत्येक संस्थेला वेगळा अर्ज, वेगळी फी. जुलैच्या प्रवेशासाठी अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि मुलाखती मेमध्ये. जानेवारीच्या प्रवेशासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्ज, डिसेंबरमध्ये मुलाखती. हिवाळ्याच्या फेरीला गर्दी कमी असते, पण जागाही कमी असतात. मी मुलांना दोन्ही फेऱ्या करायला सांगतो.

बीटेकवरून थेट पीएचडी होते का? होते. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर प्रवेशाला पात्र धरतात, आणि आयआयटींचे स्वतःचे निकष वेगळे आहेत. तरी संशोधनाची चव कळलेली नसेल तर आधी एमटेक करावं असं मला वाटतं. गेटवर प्रवेश मिळाला तर त्यालाही महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, आणि काही ठिकाणी एमटेकमधूनच पीएचडीत वळता येतं.

गाइडला पत्र

अर्जाच्या दोन महिने आधी संभाव्य गाइडना मेल करायचा. बहुतेक मुलं "रिस्पेक्टेड सर, आय अॅम हाइली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब" असा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवतात. असे मेल कसे उडवले जातात ते मी एका प्राध्यापकांच्या खोलीत बसून पाहिलंय. प्रत्येकाला तीन सेकंदसुद्धा मिळत नाहीत.

मेल इंग्रजीतच लिहायचा, पण आशय काहीसा असा असावा :

"मी शिरोलीतल्या फाउंड्रीत दोन वर्षं मेथडिंगचं काम करतो. एसजी आयर्नच्या एका ब्रॅकेटला फिलेटपाशी चीर जात होती. आम्ही रायझर हलवून ती कमी केली, पण कारण सिद्ध झालं नाही. तुमच्या अमुक पेपरमध्ये तुम्ही पोकळीचा आकार आणि फटीग यांचा संबंध अॅल्युमिनियमसाठी दिलाय. एसजी आयर्नमध्ये ग्राफाइटचे गोळे आणि श्रिंकेज या दोन्ही गोष्टी असताना तो संबंध टिकतो का, हा माझा प्रश्न. मला कास्टिंग सिम्युलेशन येतं, फटीग टेस्टिंग येत नाही. गेटचा स्कोअर सोबत आहे. जुलैच्या फेरीत तुमच्याकडे असिस्टंटशिपची किंवा प्रकल्पाची जागा आहे का?"

हे सगळं दहा-बारा ओळींत बसतं. काय येत नाही हेही लिहिलंय, त्याची लाज नको. शेवटचा प्रश्न थेट पैशाचा आहे, तोही गाळू नका. पाच जणांना पाठवा, प्रत्येकाला वेगळा. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. पुढे शांतता म्हणजे नकार समजायचा, मनाला लावून घ्यायचं नाही.

गाइड पारखताना त्यांच्या सध्याच्या दोन विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. एकच प्रश्न विचारा : तुमच्या लॅबमधून शेवटचे तीन जण किती वर्षांत बाहेर पडले? त्या आकड्यातून बरंचसं कळतं.

मुलाखतीच्या खोलीत

बऱ्याच ठिकाणी आधी लेखी परीक्षा असते. बीटेकच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यास : स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, थिअरी ऑफ मशीन्स, व्हायब्रेशन, मशीन डिझाइन, थोडं गणित.

खोलीत पाच-सहा प्राध्यापक असतात. फळ्यावर कँटिलिव्हर (एकाच टोकाला भिंतीत धरलेली तुळई) काढायला सांगतात. टोकाला भार दे. सर्वांत जास्त ताण कुठे? भिंतीपाशी, वरच्या आणि खालच्या कडेला. बरं, भोक पाडायचं असेल तर कुठे पाडशील? मग विषय भोकावर वळतो. ओढलेल्या मोठ्या पत्र्यात गोल भोक असेल तर कडेला ताण किती पट? तिप्पट. भोक लहान केलं तर? इथे निम्मी मुलं "कमी होईल" म्हणतात आणि अडकतात. पत्रा खूप मोठा असेल तर तिप्पट तो तिप्पटच. भोक लंबगोल केलं, लांब बाजू ओढीला आडवी ठेवली, तर? वाढतो. खूप चपटं केलं तर? आता तुम्ही चिरेपाशी पोचलात, आणि बोर्डाला हेच बघायचं असतं. एक धागा धरून तुम्ही किती खोल उतरता.

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी याच जागी म्हणालो होतो, "सर, हे मी सॉफ्टवेअरमध्ये काढतो." खोलीत कोणी हसलं नाही. एक सर फक्त "थँक यू" म्हणाले. संस्थेचं नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

येत नसेल तर "येत नाही, पण असा विचार करीन" म्हणा आणि खडू हातात ठेवा. इंग्रजी अडखळतं म्हणून कोणी नाकारत नाही. कोल्हापुरी वळणाचं इंग्रजी बोलत माझे तीन विद्यार्थी आत गेलेत.

कोल्हापुरात राहूनच करायचं असेल तर

घरची शेती, आईवडिलांचं वय, लग्न झालेलं असणं, कारणं खरी असतात. शिवाजी विद्यापीठाची संशोधन केंद्रं आहेत, आसपास कोल्हापूर, वारणानगर, सांगली, इस्लामपूर, इचलकरंजी, कऱ्हाड इथे जुनी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. इथे संस्थेचा स्वतःचा निधी क्वचित मिळतो, म्हणून राज्याच्या फेलोशिप महत्त्वाच्या.

अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी पुण्याची बार्टी. मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा उमेदवारांसाठी सारथी. तिच्या फेलोशिपला छत्रपती शाहू महाराजांचं नाव आहे, आणि २०२१ पासून तिचं उपकेंद्र कोल्हापुरातच आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती.

यात क्रम महत्त्वाचा. या फेलोशिप पीएचडीची नोंदणी झालेल्यांना मिळतात. म्हणजे आधी विद्यापीठात प्रवेश, मग संशोधन समितीपुढे विषयाला मंजुरी, नोंदणीचं पत्र, आणि मग अर्ज. नोंदणीच्या तारखेवरून पात्रता ठरते, ते पत्र जपून ठेवा. अधिवास दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर, हे सगळं जाहिरात येण्याआधी फाइलमध्ये हवं. वैधता प्रमाणपत्राला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणारे दरवर्षी मागे राहतात.

फेलोशिप हमखास मिळेल असं धरून नोकरी सोडू नका. जागा मर्यादित असतात, जाहिरातीची वेळ मागेपुढे होते. मिळाली तर पूर्णवेळ, नाही तर अर्धवेळ, असा दुसरा बेत आधीच घरात बोलून ठेवा.

नोकरीवाल्यांसाठी अर्धवेळ पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत परवानगी आहे. मालकाचं ना हरकत पत्र लागतं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि निदान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क. इथे पगार कंपनीचाच, म्हणून फाउंड्रीच्याच प्रश्नावर काम घ्यावं, मशीन आणि माल फुकट मिळतो. माहिती छापायची परवानगी मात्र पहिल्याच महिन्यात लेखी घ्या. चौथ्या वर्षी मालकांचा मुलगा कारभार बघायला लागतो आणि म्हणतो, हे आमचं सिक्रेट आहे.

परदेशाबद्दल थोडक्यात

जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन इथे इंजिनिअरिंगची पीएचडी बहुतेक वेळा नोकरीच असते. जाहिरात निघते, करार होतो, पगार मिळतो. जर्मनीत सरकारी वेतनश्रेणीचं नाव टीव्ही-एल ई १३, ते जाहिरातीत दिसलं की जागा पगारी आहे हे समजा, फक्त पगार पूर्ण की पाऊण ते बघा. या देशांत साधारण मास्टर्स लागते. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागा युराक्सेस पोर्टलवर येतात. त्याची एक विचित्र वाटणारी अट आपल्या फायद्याची आहे : ज्या देशात जायचं तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं.

ब्रिटनमध्ये यूकेआरआयचं (संशोधनाला निधी देणारी तिथली सरकारी संस्था) किमान विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होतं. पण जाहिरातीत 'होम फी' (फक्त स्थानिक विद्यार्थ्याइतकी फी) एवढंच लिहिलेलं असेल तर परदेशी विद्यार्थ्याच्या फीमधला फरक तुमच्या अंगावर येतो, आणि तो लाखांत असतो. ही ओळ न वाचता नाचलेला माणूस मला माहीत आहे. अमेरिकेत बीटेकवरून थेट जाता येतं, टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिपमध्ये फी माफ होऊन वर पैसे मिळतात. प्रवेशपत्रात फंडिंगचं वाक्य नसेल तर तो प्रवेश आपल्यासाठी नाही.

रुजू होताना

कुठलीही फेलोशिप घ्या, पहिला हप्ता उशिरा येतो. बँक खातं, रुजू अहवाल, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, यात दोन-तीन महिने सहज जातात. तेवढा खर्च आधी बाजूला ठेवा. मुलाखतीला बोलावणं बहुतेकदा ऐनवेळी येतं आणि तोवर महालक्ष्मी एक्सप्रेस भरलेली असते, तेव्हा रात्रीच्या बसचे पैसेही त्यातच धरा. मूळ कागदपत्रांची फाइल आणि दोन झेरॉक्स संच तयार ठेवा. कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट मिळायला लागणारा वेळ मी इथे लिहीत नाही, ज्यानं काढलंय त्याला माहीत आहे.

परवा त्या मुलाचा फोन आला. पाच मेल पाठवले होते, एकाचं उत्तर आलं. त्यात ना अभिनंदन, ना आश्वासन, एकच ओळ : चीर गेलेल्या ब्रॅकेटचे किती नमुने मिळू शकतील? म्हणाला, "सर, परत आलेला माल भट्टीत वितळवायला निघाला होता. मालकांना विचारून अकरा बाजूला काढलेत. प्रत्येकावर कुठल्या ओतणीचा तो हीट नंबर लिहून ठेवलाय. पुरतील का ओ?"